माझ्या पायाखालचा ब्रेक

बारावीची परीक्षा संपते आणि निकाल लागायचा असतो, त्या मधल्या दिवसांना पंचांगात नाव नाही. आमच्या धंद्यात मात्र तोच सुगीचा काळ. डिलाईल रोडवरच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी उभं आयुष्य शिकवण्यात घालवलं. स्कूल म्हणजे जिन्याखाली एक टेबल, वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता आणि बाहेर उन्हात उभी असलेली पांढरी गाडी. वर्षभर एखाददुसरा शिकाऊ यायचा. मार्च सरला की नुकती अठरा पूर्ण झालेली मुलंमुली रांगेने यायची, हातात लर्निंग लायसन्स आणि चेहऱ्यावर पेपर संपल्याचा आनंद.

मे महिन्यात आमचा भाग शिकवायला उत्तम. अर्ध्या चाळी गावी गेलेल्या असत, गॅलऱ्यांमध्ये कुलपं दिसत, रस्त्यावर क्रिकेट खेळायलाही पोरं पुरत नसत. डांबर मऊ झालेलं, स्टिअरिंग इतकं तापलेलं की मुली ओढणीच्या टोकाने धरत. लालबागला मिरच्या कुटण्याचे दिवस. मसाल्याच्या दुकानांजवळ गाडी आली की शिकाऊ हमखास शिंकायचा आणि शिंकेबरोबर गाडी डावीकडे जायची. मी मुद्दाम तिथून न्यायचो. शिंक आली तरी हात हलला नाही, की मनात एक खूण करायचो. आता हा हळूहळू तयार होतोय.

कोण तयार आहे हे ओळखणं, एवढंच माझं काम होतं. गिअर टाकताना मान खाली जाते का. शेजारी मी बसलोय हे विसरून तो स्वतःशी काही पुटपुटतो का. समोर बेस्टची बस थांबली तर आधी हॉर्नवर हात जातो की आधी ब्रेकवर पाय. हे सगळं बघून मी एक दिवस म्हणायचो, “जा, तयार आहेस.” डिलाईल रोडला लोक म्हणत, मास्तर तयार म्हणाले की लायसन्स आलंच समज. माझा विद्यार्थी नापास होत नाही, अशी ख्याती होती. घरात अजून ती सांगितली जाते. परवा पाहुण्यांसमोर माझ्या मुलाने पुन्हा सांगितली, आणि मी पुन्हा गप्प बसलो.

यंदा माझी नात जुई बारावीला होती. पेपर संपले त्याच संध्याकाळी तिने बापाच्या जुन्या गिअरवाल्या गाडीची चावी माझ्यासमोर ठेवली. “आजोबा, मला कुठल्याही स्कूलला जायचं नाहीये. तुम्ही शिकवा.”

मी शिकवायला लागलो. तिच्या शेजारच्या सीटवर बसताना चपला काढून मांडी घालायचो. माझ्या पत्नीला हे पटत नव्हतं. खिडकीतून तिचा आवाज यायचा, “ह्या वयात गाडीत मांडी घालून कित्याक बसतास तुमी? गुडघो धरलो तर माका हाक मारू नकात.” गुडघा रोज धरायचा. हाक मी मारायचो नाही.

टेस्ट मंगळवारी होती. आधीच्या शनिवारी जुई लोअर परळच्या पुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलत होती. चार वेळा थांबली, चार वेळा उचलली. मग बाजूला लावून म्हणाली, “तर मग? तयार आहे का मी?”

मला ते एक वाक्य म्हणता येईना. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. “काय चुकलं ते तरी सांगा.”

“तुझं काही चुकलेलं नाही.”

“मग?”

ती माझ्या दुमडलेल्या पायांकडे बघत होती. “आजोबा, आधी हे सांगा. तुम्ही असं देवळात बसल्यासारखं का बसता?”

मग त्या चढावर, हॅझार्डचे दिवे टिकटिकत असताना, मी तिला हर्षदाबद्दल सांगितलं. तेच इथे लिहितो आहे.

वीसेक वर्षांपूर्वीचा असाच उन्हाळा, मार्च नुकता सरलेला. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एक जोडी आमच्या जिन्याखाली आली. बाप आणि मुलगी. बापाला सगळे नाखवा म्हणत. एके काळी स्वतःची होडी असलेला माणूस, साखरेने डोळे अधू झालेले. त्याची बायको मालन दादरच्या बाजारात मासे विकायची. मागची सीट काढलेल्या जुन्या व्हॅनमधून तो तिला आणि तिच्या पाट्यांना रोज बाजारात सोडायचा. आता डांबराचा काळा आणि फुटपाथचा करडा त्याला एकच दिसू लागला होता. हर्षदाला अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता.

“माझ्या शेजारणीच्या पोराने शिकवलं असतं,” नाखवा म्हणाला, “पण डिलाईल रोडचे मास्तर म्हणतील तयार, तेव्हाच आमची मालन गाडीत बसेल असं तिने सांगितलंय.”

ऐकून मी सुखावलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण सुखावलो होतो.

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. धोका दिसला तर दाबायचे, एवढ्यासाठी. पण सुगीच्या दिवसांत सकाळी सहापासून एकामागून एक शिकाऊ येत, आणि मागून टॅक्सीवाले हॉर्न मारत. चढावर शिकाऊने क्लच उशिरा सोडला, की गाडी घरंगळायच्या आतच माझा पाय ब्रेकवर गेलेला असायचा. हलकेच. त्याला कळायचंही नाही. इंजिनने गाडी धरली की मी पाय सैल करायचो. तो खूश, मी खूश, मागचा टॅक्सीवाला खूश. पुढे पुढे पाय विचारून जायचा बंद झाला. टेस्टच्या दिवशी आरटीओचे साहेब मागच्या सीटवर बसत, त्यांना पुढे खाली काय चाललंय ते दिसणं शक्य नव्हतं. आमच्या ख्यातीत त्या पायाचा किती वाटा होता, हे मला आज सांगता येणार नाही. तेव्हा मी कधी स्वतःला विचारलं नाही.

हर्षदा हुशार होती. भोईवाड्याच्या अरुंद वळणांतून ती अशी गाडी काढायची की कोर्टाबाहेरचे वकील चहाचा कप हातात धरून बघत राहायचे. शिंक आली तरी हात हलत नसे. मागे नाखवा बसलेला असायचा, मिटल्यासारखे डोळे, कान मात्र इंजिनाकडे. एकदा चिंचपोकळीच्या पुलावर तो मागून म्हणाला, “मास्तर, गाडी मला तुम्हीच चालवत असल्यासारखी वाटते.”

मी हसलो. “नाखवा, डोळे गेले तर कान फार तेज झाले तुमचे.”

तोही हसला आणि विषय तिथेच संपला. माझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्या माणसाला दिसत नव्हतं, आणि त्यालाच काय ते दिसलं होतं.

टेस्टच्या दिवशी साहेबांनी चढावर गाडी थांबवायला सांगितली. हर्षदाने थांबवली, उचलली. गाडी एक बोटही मागे आली नाही. साहेब म्हणाले, छान. तिने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, शाळेतली मुलगी पहिला नंबर आल्यावर करते तसे. माझा पाय अजून ब्रेकच्या पट्टीवर होता.

तिला शिकवण्याच्या सबंध काळात तिच्या हाताखाली गाडी एकदाही मागे घरंगळली नव्हती. चढावर गाडी मागे जाते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

लायसन्स आल्यावर आठवडाभरात ते घडलं. पहाटेची वेळ. बंदरावरून रस्त्यावर यायला एक चढ आहे. व्हॅन तोंड वर करून उभी, मालन मागे पाट्या चढवून दार लावत होती. दार लागल्याचा आवाज ऐकून हर्षदाने ब्रेक सोडला. व्हॅन दोन हात मागे आली. मागे दगडी कठडा होता. व्हॅनच्या आणि कठड्याच्या मध्ये मालनचा उजवा पाय सापडला.

मी मोसंबी घेऊन परळच्या इस्पितळात गेलो. मालनचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मास्तर, तुमी बोललात व्हतं, पोर तयार हाय.”

त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “माझ्याकडे तर उत्तम चालवायची हो. घाबरली असणार. मुली घाबरतात.”

खाटेच्या पायथ्याशी हर्षदा उभी होती. तिने माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ. मी चप्पल घातलेले पाय मागे घेतले, जणू तिथे काही लपवायला जागा होती.

मे संपत आला होता. गावी गेलेले लोक फणस आणि आंब्याच्या पेट्या घेऊन परतत होते, जिन्यात सगळीकडे पिकलेला वास. हर्षदा एकटीच आली. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “काका, मला परत शिकवा.”

“तुला येतं की सगळं.”

“नाही येत. व्हॅनमध्ये तुमचा पाय नव्हता.”

आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाला, आज पापलेट आलं नाही, असं सांगावं तसं तिने सांगितलं. मग म्हणाली, “तुम्ही मांडी घालून बसायचं. गाडी ठोकली तरी पाय खाली सोडायचा नाही.”

“आई काय म्हणते?”

“ती म्हणते, मी घाबरले म्हणून झालं.” थोडं थांबून ती म्हणाली, “म्हणू दे. मला गाडी यायला हवी आधी. बाजार कोण करणार?”

आयुष्यात पहिल्यांदा मी शिकवायच्या गाडीत मांडी घालून बसलो. पहिल्या दिवशी पुलाच्या चढावर गाडी मागे गेली आणि मी दोन्ही हातांनी माझे गुडघे दाबून धरले. मागचा टॅक्सीवाला खिडकीतून मान काढून ओरडला, “ओ ताई, पुढे जायचंय का गावाला परत जायचंय?” हर्षदाने हँडब्रेक ओढला, श्वास घेतला. पुन्हा मागे गेली. पुन्हा हँडब्रेक. तिसऱ्या दिवशी, क्लच अर्धा सुटल्यावर बॉनेट किंचित उचलतं आणि गाडीच्या अंगातून एक थरथर जाते, ती तिने ओळखली. तिथेच थांबली, ती थरथर तळपायात मुरवून घेत असल्यासारखी. मग हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. मग पुढे गेली.

“ही होती होय,” ती म्हणाली.

ती थरथर मी तिच्यापासून महिनाभर चोरून ठेवली होती.

हर्षदाने मला कुणासमोर उघडं पाडलं नाही. तिने मला कामाला लावलं, आणि त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. त्यानंतर प्रत्येक शिकाऊच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत मी मांडी घालायचो. पुढे ती सवयच झाली; जुईच्या बापाच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी पाय आपोआप दुमडतात. काही मुलं टेस्टला नापास झाली, रडवेली होऊन परत आली, पुन्हा शिकली. स्कूलचा मालक कुरकुरला. मी वय झालं म्हणून टाळलं. कारण कुणाला सांगितलं नाही. ख्याती मात्र जुनीच फिरत राहिली, आणि मी ती फिरू दिली.

जुईने हे सगळं ऐकून घेतलं. हॅझार्डचे दिवे बंद केले. मग विचारलं, “आणि त्या आजींना? मालनआजींना हे माहितेय?”

“नाही.”

“अजून त्यांना वाटतं मुलगी घाबरली म्हणून?”

“हो.”

“वीस वर्षं, आजोबा.”

मी खिडकीबाहेर बघत होतो.

“उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. “रस्ता मोकळा असेल. चला, मी चालवते.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो, पुढेमागे लाल ‘एल’ चिकटवून. लालबाग, भायखळा, मग पार खाली. मी मांडी घालून. जुई वाटेत एकदाच बोलली, “आजोबा, रस्त्याकडे बघा, माझ्या पायांकडे नको.”

मच्छीमार नगरात शिरल्यावर आधी वास भेटतो, मग माणसं. दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, खाली चटईवर जवळा पसरलेला. पावसाळ्यात मासेमारी बंद होणार, म्हणून होड्या वर ओढून घ्यायची गडबड चालली होती. हर्षदा आता चाळिशीकडे झुकलेली, केसांत एक पांढरी बट, कमरेला टेम्पोची किल्ली. मला बघून म्हणाली, “काका, तुम्ही? आणि ही शिकाऊ कोण?” नाखवा जाऊन बरीच वर्षं झाली. मालन चटईच्या कडेला उजवा पाय सरळ पसरून बसली होती, जवळ्यातला कचरा वेचत.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. पुलाचं, पट्टीवरच्या पायाचं, साहेब छान म्हणाले त्याचं, आणि इस्पितळात मी काय बोललो त्याचं. मालनची बोटं चालूच होती. एक शिंपला निघाला, तो तिने बाजूला टाकला.

“म्हणजे माजी पोर घाबरली नव्हती.”

“नव्हती. तिला मी शिकवलंच नव्हतं.”

आता बोटं थांबली. ती लेकीकडे वळली. “आनि तू गो? एवढी वर्सं त्वांड शिवलं व्हतं काय तुजं?”

“तू विचारलंस कधी?” हर्षदा म्हणाली. “आणि काकांनी परत शिकवलं ना. पुरे झालं मला.”

“पुरे झालं म्हनं.” मालन माझ्याकडे बघायला लागली, पण बोलत होती स्वतःशीच. “दर पावसाळ्याला पाय ठणकला का मी हिला बोलले. हिच्या सासूच्या देखत बोलले. पोरांच्या देखत बोलले. घाबरट म्हनून.”

मी मान खाली घातली. एवढं मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या खोट्याचं वजन मीच उचलतो आहे.

मग मालन चटईवर जरा सरकली. बाजूची जागा हाताने झटकली आणि लेकीला म्हणाली, “बस. उनात काय उबी.” हर्षदा बसली. मालनने तिच्या केसांतली ती पांढरी बट कानामागे सारली. तेवढंच. बाजारातल्या बाया माफी मागत नाहीत, पण मी ती पाहिली.

मग मालन मला म्हणाली, “मास्तर, तुमच्यावर रागवायला पायजे मला. पन आता तेवढी ताकद नाय. जवळा घेऊन जावा. बायकोला सांगा, कांदा जास्त घाल.”

निघताना गाडी त्याच चढावर उभी होती, तोंड वर करून. कठडा आता सिमेंटचा झालाय. जुई स्टिअरिंगवर बसली. माझ्या जागी हर्षदा बसली, आणि मला दिसलं, तिने चपला काढून मांडी घातली होती.

मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्या पहाटे मालन उभी होती त्या जागी, कठड्याला पाठ लावून. हे ठरवलेलं नव्हतं. एवढं मनात होतं की या मुलीला तयार म्हणायचं असेल, तर ते या जागेवरून म्हणायला हवं. कुठल्याही शहाण्या शिक्षकाने असं करू नये. मी केलं.

जुईने आरशात बघितलं. “आजोबा, बाजूला व्हा.”

“घे तू गाडी.”

“आजोबा, बाजूला व्हा म्हणते ना.”

“येते तुला. घे.”

इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा कर्र आवाज आला. जुई दार उघडून खाली उतरली, गाडीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“मागे माणूस उभं असताना मी गाडी हलवणार नाही. तुम्ही असलात तरी नाही. टेस्टमध्ये नापास केलं तरी चालेल.”

मालन चटईवरून हसली, मोठ्याने. “सरका मास्तर, सरका. म्हाताऱ्याची हाडं जुळत नाय लवकर. माजं बगताय ना?”

खिडकीतून हर्षदा म्हणाली, “काका, अजून काय बघायचंय तुम्हाला?”

काही बघायचं राहिलं नव्हतं. चढ, गिअर, शिंक, सगळ्यांच्या आधी जे बघायला हवं होतं, ते कधी माझ्या तक्त्यावर नव्हतंच. शिकाऊ मास्तरला नाही म्हणू शकतो का.

“मंगळवारी जा,” मी म्हणालो. “तयार आहेस.”

मी बाजूला झालो आणि मालनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. जुईने मी कुठे आहे ते आधी आरशात पाहिलं, मग मान वळवून पाहिलं. गाडी सुरू झाली. बॉनेट किंचित उचललं. ती थरथर मला एवढ्या लांबूनही कळली. माझा उजवा पाय वाळूत दाबला गेला, सवयीने. मी तो उचलून घेतला.

गाडी एक बोटही मागे आली नाही.